पिवळा दिवा आणि चार लाद्या

अण्णा कामाला हात घालण्याआधी उजव्या हाताची मागची बाजू पाण्याच्या तांब्यात बुडवायचे, तो ओला हात गाडीच्या चाकामागे खांद्यापर्यंत आत सारायचे आणि डोळे मिटायचे. तोंडातून एकच शब्द निघायचा, "गप." आम्ही गप असायचोच. ते बहुतेक गाडीला सांगत असावेत.

हवेची गळती कानाने शोधतात, हे तुम्हीही कुठल्या ना कुठल्या गॅरेजात पाहिलं असेल. अण्णांना ती सोय नव्हती. ट्रक आणि बसच्या एअर ब्रेकच्या कामात, धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरशेजारी, त्यांची तीस वर्षं गेली होती. डावा कान पूर्ण बंद. उजव्यात ओरडून सांगितलेलं तेवढंच शिरायचं. "गेलं ते बरं झालं," ते म्हणायचे. "कानाला भास हुतोय. ओल्या हाताला गार लागलं म्हंजे लागलं."

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. दारावरच्या पाटीवर अक्षर एकही नव्हतं, फक्त एक काळा फुगा रंगवलेला. आमच्या सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत आहे हे बघायला माणसं फिरतात, हे तुम्हाला सांगायला नको. एकदा एकजण विचारायला आला, कन्नड का नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात दुसरा आला, मराठी का नाही म्हणून. अण्णांनी दोघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत एकच प्रश्न केला. "हवेला कंची भाषा येती ते सांगा. तेवढी लिवतो." पाटी तशीच राहिली.

मी त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्रावरून उतरलेल्या वस्तूचं माप घ्यायचं, आकडा लिहायचा, खाली सही करायची. सव्वीस वर्षं हेच. कंपनीच्या गाड्यांची कागदपत्रंही माझ्याच कपाटात असतात, आणि त्यातूनच अण्णांची गाठ पडली.

आमच्या मालकांनी एक मोठी परदेशी गाडी घेतली होती. डोंगर चढणारी, ओढे-नाले ओलांडणारी, आणि आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखी. ओढे-नाले तिने कधी पाहिले नाहीत, खडेबाजारातली गर्दी मात्र रोज पाहिली. तिला लोखंडी स्प्रिंग नव्हते. चार चाकांवर रबराचे चार फुगे, त्यांत हवा भरणारा एक कॉम्प्रेसर, आणि गाडी किती उंचीवर उभी आहे ते सतत मोजणारे चार सेन्सर. बटण दाबलं की गाडी वर उठायची, दुसरं दाबलं की माणसाला चढता यावं म्हणून खाली बसायची. यात कुठे बिघाड झाला की समोर पिवळा दिवा लागायचा. बिघाड मोठा असेल तर लाल.

पिवळा लागला. मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसर बदलून गाडी परत पाठवली. एकविसाव्या दिवशी निपाणीच्या रस्त्यावर दिवा पुन्हा लागला. मग कुणीतरी अण्णांचं सांगितलं आणि मी गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली.

अण्णांकडे गाडीच्या संगणकाला जोडायचं मशीन होतं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर ठेवलेलं. त्याला त्यांनी हात लावला नाही. खिशातून मोजपट्टीचा टेप काढला.

"मशीन लावणार नाही का?" मी ओरडून विचारलं.

"आधी टेप, मग मशीन."

हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा ऐकलं. त्या दिवशी मला ते माणसाच्या अडाणीपणाचं वाटलं, हेही नोंदवून ठेवतो.

शेडच्या कोब्यात त्यांनी चार जाड दगडी लाद्या बसवल्या होत्या, गाडीच्या चार चाकांसाठी. गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन, आठ दिवस खपून, चारी लाद्या त्यांनी एका पातळीत आणल्या होत्या. गाडी त्या लाद्यांवर चढवायची, चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं आणि भिंतीवर खडूने चौकोन काढून चार कोपऱ्यांत चार आकडे लिहायचे. मग म्हणायचं, "उद्या सकाळी सातला या."

"आज काय करणार?"

"आज ती उभी ऱ्हाणार. लबाडी उभ्या गाडीत कळती. चालत्या गाडीत कॉम्प्रेसर झाकून घेतोय."

सकाळी सातला मी हजर होतो. मागच्या डाव्या चाकावर गाडी सव्वीस मिलिमीटर खाली बसली होती. बाकीची तीन जागच्या जागी. अण्णांनी तांब्यात हात बुडवला, मागच्या डाव्या चाकाआड घातला, "गप" म्हणाले आणि पाचेक मिनिटांनी हसले. नळीच्या जोडावर टाचणीच्या टोकाएवढी गळती होती.

"कॉम्प्रेसर बदलला म्हणं त्यांनी? त्यो बिचारा दिवसभर हवा भरून दमून मेला. गळका हंडा भरायला दुसरी बाई लावली की हंडा भरतोय व्हय?"

नळीचं टोक कापून त्यांनी जोड नव्याने बसवला, आणखी एक रात्र गाडी उभी ठेवली, पुन्हा मोजली. आकडे हलले नाहीत. मगच लुगड्यातलं मशीन बाहेर आलं आणि दिव्याची जुनी नोंद पुसली गेली. क्रम हा असा. माझ्यासारख्या माणसाला तो क्रम किती आवडला असेल याची कल्पना तुम्हाला येणार नाही, कारण तुम्ही आयुष्यात बहुधा इतकी मापं घेतली नसतील.

जाताना मी विचारलं, "अण्णा, हा टेप किती अचूक आहे?"

"का? तुमी काय करता?"

"तपासणी. आमच्याकडे मायक्रॉनमध्ये चालतं. मिलिमीटरचा हजारावा भाग."

"आगा बाबा!" ते म्हणाले. "म्हंजे माशीच्या पायाचं माप घेता."

तेव्हापासून मी मायक्रॉन. गल्लीच्या तोंडाशी मी दिसलो की आतून हाक यायची, "या मायक्रॉन! माशी आणलीसा का?" बहिऱ्या माणसाची हाक ती, गल्लीतल्या सगळ्या शेडना ऐकू जायची.

एका पावसाळ्यानंतर मला त्यांच्या पुढच्या उजव्या लादीची शंका आली. एक भरलेला ट्रक तिच्यावर दोन दिवस उभा होता. मी कारखान्यातली लेव्हल परवानगीने घेऊन गेलो. लादी पाच मिलिमीटर खचली होती.

अण्णा चिडले. "माझ्या लादीला नावं ठेवतोस व्हय रं!" पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरी हाक मारली. मी लेव्हल तिथेच ठेवून निघून आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर लादी उपटून बाजूला पडलेली आणि अण्णा गुडघ्यांवर बसून खाली खडी ठोकत होते. वर न बघता म्हणाले, "पाच न्हवं. सा हाय. तुझी माशी बी चुकली."

तो ट्रक उभा राहिल्यापासून त्या लादीवर किती गाड्या मोजल्या याची यादी त्यांनी भिंतीवरून काढली. तीन निघाल्या. त्यातली एक निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची होती आणि तिचा सेन्सर अण्णांनी त्या चुकलेल्या मापावर बसवला होता. व्यापाऱ्याची काही तक्रार नव्हती. तरी अण्णा स्कूटरवर ती पाण्याची नळी गुंडाळून निपाणीला गेले आणि त्याच्या अंगणात गाडी पुन्हा मोजून सेन्सर नीट करून आले.

"काय म्हणाला व्यापारी?"

"म्हनला, मला कळलंबी नसतं. मी म्हनलो, मला कळलं न्हवं का!"

परत आल्यावर त्यांनी भिंतीवर खडूने लिहिलं : लादी सहा खाली, चूक माझी. ती ओळ त्यांनी कधी पुसली नाही. गिऱ्हाईक आलं की समोर तीच दिसायची.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

दोनेक वर्षांनी मालकांनी ती गाडी विकायला काढली. सदलग्याचे एक आप्पा घेणार होते. उसाची शेती, बेताचं बोलणं, साठीचे गृहस्थ. त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. म्हातारीला उंच गाडीत पाय टाकता येत नव्हता, आणि ही गाडी बटण दाबल्यावर बसते असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. "म्हशीगत बसती म्हणं," ते फोनवर मला म्हणाले. व्यवहाराचा दिवस ठरला, आणि बरोबर तीन दिवस आधी पिवळा दिवा लागला.

अण्णांनी गाडी लाद्यांवर घेतली. संध्याकाळी पुढचं उजवं चारशे बासष्ट. सकाळी चारशे चोवीस. अडतीस मिलिमीटर. या वेळी नळी नव्हती, फुग्याचं रबरच घडीवर तडकलं होतं. नवा फुगा बाहेरून मागवावा लागणार, तीन-चार आठवडे.

मालकांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, माझ्या आजारपणात त्यांनी माझी खुर्ची रिकामी ठेवली होती. म्हणाले, "दिवा तेवढा घालवायला सांगा. मशीनने पुसतात ना? पुढचं पुढे."

निरोप मीच नेला. हे लिहायला जड जातं, पण नोंद पुरी हवी. ओरडून सांगायची लाज वाटली म्हणून मी चिठ्ठीवर लिहिलं, 'दिवा तात्पुरता घालवता येईल का?' अण्णांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत दिली.

"ह्याच्यावर सही न्हाय."

एवढंच बोलले. मायक्रॉन म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः आले. मी मागे उभा होतो. जेवणाची सुट्टी होती, गल्लीतली लेथ मशीन बंद. माणसं दारांत डबे उघडून बसलेली. मालक अण्णांच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, दिवा फक्त पुसून टाका."

"काय?" अण्णांनी उजवा कान पुढे केला.

"दिवा. पुसून टाका."

"मोठ्यानं सांगा की! मला ऐकू येत न्हाय."

मालकांनी गल्लीकडे पाहिलं. मग ओरडले, "दिवा घालवा! गाडी उद्या द्यायची आहे!"

"आनि फुगा?"

"फुग्याचं नंतर बघू!"

"घेणाऱ्याला सांगितलंसा का फुगा फाटलाय म्हणून?"

समोरच्या दारात कुणाचा तरी घास हातात राहिला होता. अण्णांना खरंच ऐकू आलं नव्हतं की ते मुद्दाम विचारत होते, याचा निकाल मला आजही लावता आलेला नाही. मालकांचं तोंड लाल झालं. आता हळू बोलून उपयोग नव्हता.

"शेड कुणाच्या जागेत आहे, लक्षात आहे ना?"

ही शेड मालकांच्याच जागेत होती. बारा वर्षं. त्या चार लाद्या, ती आकड्यांनी भरलेली भिंत, सगळं त्यांच्या एका शब्दावर उभं होतं आणि अण्णांचं वय बासष्ट होतं. दुसरी शेड शोधायचं, दुसरा कोबा घालायचं ते वय नव्हे. अण्णांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, तोंडावरून हात फिरवला.

"हाय की लक्षात. जागा तुमचीच. कधी मोकळी करू?"

"नोटीस पाठवतो," मालक म्हणाले. गाडी घेऊन गेले. दुसऱ्या कुणीतरी मशीन लावून दहा मिनिटांत दिवा घालवला.

त्या संध्याकाळी मालकांनी मला कंपनीच्या कागदावर दोन ओळी लिहायला सांगितल्या. गाडी तपासली, ठीक आहे. खाली माझी सही. मी घरी गेलो. चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात अजून तशीच होती, बिनसहीची. सकाळी मी कंपनीच्या कागदावर आठ आकडे लिहिले, चार संध्याकाळचे आणि चार सकाळचे. फरकाच्या जागी फरक लिहिला. कुठे मोजलं, कुणी मोजलं ते लिहिलं आणि पूर्ण नावाची सही केली.

"हे काय?" मालक म्हणाले.

"तपासणी."

"ठीक आहे, असं लिहा ना."

"तसं आकड्यांत दिसत नाही, साहेब."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग, हे आकडे कोण वाचत बसणार असं पुटपुटत कागद फायलीत सरकवला. तिथे ते चुकले. ऊस कारखान्याला घालणाऱ्या माणसाला काट्यावरची पावती तीनदा वाचायची सवय असते.

सदलग्याचे आप्पा आले. गाडी बसली, उठली, दिवा लागला नाही. आप्पांनी खूश होऊन दोनदा बटण दाबून बघितलं. मग चष्मा लावून फाईल घेतली आणि बोट ठेवून एकेक कागद वाचू लागले. बोट माझ्या कागदावर आलं आणि थांबलं.

"ह्ये अडतीस काय हाय?"

मी बोटांच्या चिमटीत अडतीस मिलिमीटर धरून दाखवले. सवयीने बरोबर धरले असतील.

"रातीत एवढी खाली बसली? बटण न दाबता?"

"होय."

"आनि दिवा का न्हाय लागला?"

मी मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर बघत होते. आप्पांनी फाईल मिटली. "हे कुणी मोजलंय म्हणता? मच्छेचं अण्णा? चला, त्यांच्याकडंच जाऊ की."

शेडमध्ये दोघं एकमेकांवर ओरडत अर्धा तास बोलले. मला वाटलं होतं, अण्णा आता सगळं उकरून काढतील. त्यांनी मालकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, "गाडी झकास हाय. घ्या. पर फुगा आल्यावर घ्या. आईला मागं बसवून निघालासा आनि वाटंत फुगा बसला तर गाडी एका अंगाला वडती. तीन आठवडं थांबा, मी बसवून देतो. मग म्हातारी गाडीत न्हाय, पालखीत बसल्यागत जाईल."

आप्पा थांबले. फुगा आला. अण्णांनी तो बसवला, दोन रात्री गाडी लाद्यांवर ठेवली, मोजली आणि आप्पांच्या हवाली केली. व्यवहार ठरल्याप्रमाणे झाला, मालकांचं कशातच काही कमी झालं नाही. फक्त शेड मोकळी करायची नोटीस त्यांनी मागे घेतली नाही. भर गल्लीत ओरडावं लागलं होतं ना!

मला काढलं नाही. ग्राहक कंपन्यांच्या तपासण्यांना माझी सही लागते, हे एक कारण असेल. मी अण्णांसाठी रदबदली करायला एकदा गेलो. मालक म्हणाले, "त्यांनी स्वतः येऊन सांगावं." मी हे अण्णांना सांगितलं, चिठ्ठी न लिहिता, ओरडून.

"काय सांगू?"

"चुकलं म्हणून."

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. "चुकलं तवा लिवलंय तिथं. दुसरं कायबी चुकलं न्हाय."

महिनाअखेरीला त्यांनी चारी लाद्या पहारीने उपटल्या. मीही एका बाजूला पहार धरली. गल्लीतली लेथवाली माणसं न बोलावता आली आणि लाद्या टेम्पोत चढवल्या. पाटी काढली. भिंत तेवढी नेता येईना. मी तिचा फोटो काढत होतो तर अण्णा म्हणाले, "कशाला? नवी भिंत भरायची हाय."

निपाणीच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, त्यांनी एक पडीक वखार भाड्याने घेतली. आत मातीची जमीन होती. बासष्टाव्या वर्षी ते पुन्हा गुडघ्यांवर बसले. या वेळी पाण्याच्या नळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, तीन रविवार. लाद्या एका पातळीत आल्या तेव्हा मी लेव्हल ठेवून पाहिली. "किती?" त्यांनी विचारलं. "अर्धा मिलिमीटर." "तू गेल्यावर त्योबी काढतो," ते म्हणाले. काढलाही असेल.

पाटीवरचा फुगा त्यांनी थोडा मोठा रंगवला. तिथे पाच वर्षं काम केलं. कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या मोठ्या गाड्या दिवा लावून तिथे येत आणि रात्रभर लाद्यांवर उभ्या राहत. घाई असलेली माणसं, "पुसून द्या हो नुसता," म्हणत. अण्णा उजवा कान पुढे करत आणि म्हणत, "काय? मोठ्यानं सांगा की!" बरीचशी तिथेच गप होत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. हात अजून काळे होते म्हणे.

तेराव्याला माणसं घरात मावेनात म्हणून मंडप वखारीसमोर घातला होता. आम्ही दहाबाराजण उभे होतो तेवढ्यात हायवेवरून ती मोठी गाडी वळली. सदलग्याचे आप्पा चालवत होते. त्यांनी ती मंडपाकडे आणली नाही, सरळ वखारीत घातली, सवयीने चार चाकं चार लाद्यांवर घेतली आणि बटण दाबलं. गाडी सावकाश खाली बसली. मागचं दार उघडलं आणि आप्पांच्या आईने एक पाय लादीवर टेकवला, मग दुसरा. कुणाचा हात तिने घेतला नाही.

भिंतीपाशी जाऊन ती बराच वेळ आकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता दिवा लागला तर कुठं जायाचं रं बाबा?"

माझ्या खिशात टेप होता, तो असतोच. मी आप्पांना गाडी नेहमीच्या उंचीवर उठवायला सांगितली आणि एकेक चाकाशी बसून मोजलं. मंडपातली माणसं बघत होती. खडू खिडकीत ठेवलेला होता. मी चौकोन काढला आणि अण्णांच्या शेवटच्या आकड्यांखाली चार आकडे लिहिले.

चारी सारखे आले असते तर त्या दिवशी बरं वाटलं असतं. मागचं डावं दोन मिलिमीटर खाली होतं. मी ते तसंच लिहिलं आणि खाली सही केली. मग आप्पांना म्हणालो, "गाडी आज इथेच राहू द्या. उद्या सकाळी सातला या."